मुरड घातलेली शिदोरी



करंजी शिकवताना सगळ्यात शेवटी शिकवायची गोष्ट म्हणजे मुरड. पीठ मळणं जमतं, पारी लाटणं जमतं, सारण भरणंही जमतं. पण कडेला मुरड घालायची वेळ आली की नव्या मुलीची बोटं अडखळतात. मुरड सुटली की करंजी तेलात फुटते, सारण बाहेर येतं आणि सगळं तेल खराब होतं. म्हणून ज्या बाईच्या हातची मुरड चांगली, तिला दिवाळीत शेजारच्या चार घरांतून बोलावणं येतं.

आज आपण अशाच एका मुरडीचा इतिहास बघू या. ती मुरड आपल्याकडची नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा मुलूख आहे. बहुतेक सगळ्या बाजूंनी समुद्र, पाऊस भरपूर, आणि जमिनीच्या पोटात कथील आणि तांबं. तिथल्या बायका आपल्या करंजीच्या आकाराचा, पण तळहाताहून मोठा पदार्थ करतात. आत बटाटा, कांदा, सलगमच्या जातीचा एक कंद आणि मांस. कडेला जाड, पीळदार मुरड. आणि तळायचं नाही, भट्टीत भाजायचं. या पदार्थाला तिथे पॅस्टी म्हणतात. मूळ पॅस्टीत गोमांस असतं, पण गरीब घरात ते नावापुरतंच असायचं. बटाटा आणि कंद यांवरच पोट भरायचं.

एवढ्या लांबच्या पदार्थाची गोष्ट आपण का ऐकायची? कारण ही घरच्या बाईने घरच्या माणसांसाठी केलेली शिदोरी आहे. पुढे ही शिदोरी जगभर गेली, बाजारात गेली, कायद्यात गेली. तिचं मोल कुणी ठरवलं आणि कुणाच्या पदरात पडलं, हा प्रश्न आपल्या प्रत्येक गटाला पडावा असा आहे.

आधी जुना काळ पाहू. पॅस्टी हा शब्द इंग्रजी कागदपत्रांत मध्ययुगापासून सापडतो. त्या काळी पॅस्टी हे श्रीमंतांचं खाणं होतं. हरणाचं मांस, मासे असं काहीबाही पिठाच्या जाड आवरणात घालून भाजायचे आणि मेजवानीत वाढायचे. कॉर्नवॉलच्या शेजारी डेव्हन नावाचा परगणा आहे. तिथल्या प्लिमथ शहराच्या हिशेबाच्या वहीत १५१०च्या सुमारास पॅस्टीवर झालेल्या खर्चाची नोंद सापडली. कॉर्नवॉलमधली सर्वांत जुनी म्हणून सांगितली जाणारी लेखी कृती १७४६ सालची. या नोंदींवरून दोन्ही परगण्यांत वाद झाला. पॅस्टी आधी कुणाची, तुमची की आमची?

या वादात एक गोष्ट ध्यानात घ्या. वही शहराच्या कारभाऱ्यांची होती. ज्यांना लिहिता येत होतं आणि ज्यांच्याकडे कागद होता, त्यांचं शिल्लक राहिलं. खेड्यातली कोण बाई आपल्या नवऱ्यासाठी पहिल्यांदा बटाटा भरून पॅस्टी करू लागली, याची नोंद कुठल्या वहीत होणार? तिच्या घरात वहीच नव्हती.

पॅस्टी गरिबाघरी आली आणि तिथली झाली ती खाणींमुळे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात कॉर्नवॉलमध्ये कथील आणि तांब्याच्या खाणी जोरात होत्या. पुरुष आणि मोठी मुलं जमिनीखाली उतरायची. सुरुवातीला उतरायला शिड्याच होत्या. डोलकोथ नावाची खाण तर पुढे नऊशे मीटरांहूनही खोल गेली. इतक्या खाली गेलेला माणूस दुपारी जेवायला वर कसा येणार? ताट नाही, वाटी नाही, हात धुवायला पाणी नाही. उजेड मेणबत्तीचा. अशा जागी एका हातात धरून खाता येईल, सांडणार नाही, खिशात चुरा होणार नाही आणि पुन्हा कष्टाला ताकद देईल, असं जेवण हवं होतं. आपल्याकडे शेतावर जाताना भाकरीवर झुणका, वर कांदा आणि मिरची ठेवून फडक्यात बांधतात, त्यामागे हाच विचार आहे. भाकरीच ताट होते. पॅस्टीतही तेच झालं. आवरण हेच ताट, आवरण हाच डबा.

पॅस्टीच्या आधी खाणकामगार होगन नावाचा जवाच्या पिठाचा कडक गोळा न्यायचे. त्यात असलाच तर मांसाचा एखादा तुकडा. त्याच्यापुढे गव्हाच्या पिठाची, भाजी भरलेली पॅस्टी म्हणजे चैनच. कॉर्नवॉलमध्ये एक विनोद अजून सांगतात. तामार नदीच्या पलीकडून सैतान या मुलखात यायला घाबरतो, कारण इथल्या बायका हाताला लागेल ते पॅस्टीत भरतात, त्यालाही भरतील! विनोदाआड गरिबी आहे. घरात जे असेल ते पारीत गुंडाळून माणसाला कामावर पाठवायचं होतं.

या पॅस्टी भाजायच्या कशावर? मैत्रिणींनो, हे ऐकून तुम्हाला ओळखीचं वाटेल. भिंतीत बांधलेली मातीची भट्टी काही घरांत होती, पण पुष्कळ गरीब घरांत नव्हती. मग चुलाणावर लोखंडी पत्रा तापवायचा, त्यावर पॅस्टी ठेवायची, वरून लोखंडी भांडं पालथं घालायचं आणि भांड्याच्या सगळ्या बाजूंनी निखारे रचायचे. सरपण म्हणजे माळावरची काटेरी झुडपं आणि वाळवलेली मुळकट मातीची ढेपं. म्हणजे खाली आच आणि वरही आच. आपल्या गोव्यात बेबिंका करताना झाकणावर निखारे ठेवून एकेक थर भाजतात, तीच ही युक्ती. ओव्हन नावाचं यंत्र घरात नव्हतं, तरी दोन्हीकडच्या बायका भाजत होत्या. पुढे एकोणिसाव्या शतकात कॉर्नवॉलच्या घरांत ओतीव लोखंडाची, भट्टी जोडलेली चूल आली, तेव्हा हे काम थोडं सोपं झालं.

आता कृतीतला फरक बघा, कारण मुरडीचं महत्त्व त्यातच आहे. करंजीचं सारण आपण आधी भाजून तयार ठेवतो. तळताना फक्त पारी शिजवायची असते. पॅस्टीत भाजी आणि मांस कच्चंच भरतात, मीठ-मिरी घालतात आणि कड बंद करतात. मंद आचेवर सुमारे तासभर भाजताना आतल्या आत वाफ धरते, त्या वाफेवर बटाटा, कांदा, मांस शिजतं आणि त्यांचाच रस आत मुरतो. मुरड सुटली तर वाफ निघून जाते, रस वाहून पत्र्यावर जळतो आणि भाजी कच्चट राहते. आपण पिठात कडकडीत मोहन घालतो. त्या बायका थंड चरबी किंवा लोणी पिठात बोटांनी चोळतात, मग पाणी घालून पीठ चांगलं मळतात आणि झाकून ठेवतात. आवरण खुसखुशीत हवं, पण खाणीत नेईपर्यंत मोडता कामा नये. या दोन्हींचा मेळ घालणं हे कसब. ते हाताला कळतं, वजनकाट्याला नाही.

पॅस्टीच्या एका टोकाला पिठाचीच अक्षरं करून चिकटवायची, हीही तिथली रीत. ज्याची पॅस्टी त्याच्या नावाचं अक्षर. घरात नवरा आणि तीन मुलं खाणीत जात असतील तर कुणाची कोणती ते कळावं. एखाद्याला कांदा नको, एखाद्याला जास्त हवा, तेही आईला माहीत. आणि अर्धी खाऊन ठेवली तर नंतर आपली आपल्याला सापडावी. मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यांवर खुणा असतात ना, तसंच. काही बायका एका टोकाला भाजी आणि दुसऱ्या टोकाला सफरचंद किंवा मुरंबा भरत, मध्ये पिठाचा बांध घालत, असंही सांगतात. म्हणजे तिखट आणि गोड एकाच शिदोरीत.

इथे एक ऐकीव गोष्टही तपासून घेऊ. पुष्कळ ठिकाणी सांगतात की खाणकामगारांच्या हाताला सोमल लागलेला असायचा, म्हणून ते मुरड धरून पॅस्टी खायचे आणि शेवटी विषारी मुरड फेकून द्यायचे. कथलाच्या खाणीत सोमल निघतो, हे खरं. पण जुन्या छायाचित्रांत कामगार पॅस्टी कागदात किंवा कापडी पिशवीत धरून खाताना दिसतात आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण खाताना दिसतात. गरिबाच्या घरची मुरड इतकी सहज फेकली जात असेल, हे पटायलाही अवघड आहे. त्या मुरडीतही पीठ आणि चरबी होती, आणि ती विकत आणलेली होती.

आता त्या बायकांकडे वळू. त्या फक्त चुलीपाशी नव्हत्या. कॉर्नवॉलच्या खाणींवर हजारो मुली आणि बायका जमिनीवरचं काम करायच्या. त्यांना तिथे बाल मेडन म्हणत. बाल म्हणजे त्यांच्या भाषेत खाण. हातोड्याने खनिजाचे दगड फोडायचे, निवडायचे, बारीक करायचे, धुवायचे. मजुरी पुरुषांहून पुष्कळ कमी. बहुतेक मुली लहानपणी कामाला लागत आणि लग्नापर्यंत काम करत. लग्न झालं की त्या घरी येत आणि खाणीत जाणाऱ्यांची शिदोरी करू लागत. खाणीवर त्यांची मजुरी निदान वहीत लिहिली जात होती. घरी आल्यावर पहाटे उठून केलेल्या पॅस्टीचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता. खाणमालकाला मात्र त्या शिदोरीचा रोज फायदा होत होता. कामगाराला खाली जेवू घालण्याची व्यवस्था त्याच्या घरची बाई फुकट करत होती.

मग पडता काळ आला. १८६६ साली तांब्याचे भाव कोसळले आणि खाणीमागून खाणी बंद पडल्या. एकोणिसाव्या शतकात कॉर्नवॉलमधून लाखाहून जास्त माणसं परदेशी गेली. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका. जिथे जमिनीत खड्डा, तिथे कॉर्नवॉलचा माणूस, असं म्हटलं जाई. आपल्या देशातही ते आले. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० पासून एका इंग्रज कंपनीने चालवल्या, तिथे कॉर्नवॉलचे अनुभवी खाणकामगार होते.

बरेच पुरुष बायका-मुलांना मागे ठेवून गेले. घर, म्हातारी माणसं, मुलं, देणी-घेणी सगळं बाईवर. परदेशातून पैसे येतील त्यावर चूल. कुणाचे नियमाने येत, कुणाचे उशिरा, कुणाचे अचानक बंद होत. नवरा हयात आहे की नाही, हेही काहींना कळत नसे. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या आपल्या आज्यांना हे वेगळं सांगायला नको. गिरणीत गेलेल्या नवऱ्याच्या मनीऑर्डरीची वाट पाहत त्यांनी शेती केली, मुलं वाढवली.

जे कुटुंब घेऊन गेले, त्यांच्याबरोबर पॅस्टी गेली. ऑस्ट्रेलियात मूंटा गावाच्या परिसरात गेली. अमेरिकेत मिशिगनच्या तांब्याच्या पट्ट्यात गेली, तिथे फिनलंडहून आलेल्या कामगारांनीही ती आपली मानली. मेक्सिकोची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिथल्या हिदाल्गो राज्यात रेआल देल मोंते नावाच्या डोंगरी गावात १८२५च्या सुमारास चांदीच्या खाणीसाठी कॉर्नवॉलचे लोक आले. गावच्या बायकांनी त्यांचा पदार्थ पाहिला आणि आपल्या चवीचा केला. त्यात मिरची आली, घेवड्याच्या बिया आल्या, मोले नावाचा त्यांचा मसालेदार रस्सा आला. अननस आणि दुधातला भात भरून गोड प्रकारही झाला. तिथे त्याला पास्ते म्हणतात. खाणीवरचे इंग्रज निघून गेले, पण पास्ते राहिलं आणि आज तो त्या भागाचा अभिमान आहे. हाताने हाताला शिकवलेलं असं टिकतं.

इकडे कॉर्नवॉलमध्ये १९९८ साली साउथ क्रॉफ्टी ही शेवटची कथलाची खाण बंद झाली. २००६ मध्ये तिथल्या खाणींच्या परिसराला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. खाणी गेल्या, शिदोरी उरली. ती आता पर्यटकांना विकली जाऊ लागली, कारखान्यांत होऊ लागली. मग नक्कल आली. कुठेही बनवायचं आणि वर नाव कॉर्नवॉलचं लावायचं. तेव्हा तिथल्या उत्पादकांनी २००२ मध्ये संघटना केली, अर्ज केला आणि २०११ मध्ये युरोपीय संघाने कॉर्निश पॅस्टी या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. नियम ठरले. आकार अर्धगोल. मुरड बाजूलाच, डोक्यावर नाही. गोमांस किमान साडेबारा टक्के, भाज्या किमान पंचवीस टक्के. भाज्या म्हणजे बटाटा, तो कंद आणि कांदा. सारण कच्चंच भरायचं. आणि पॅस्टी कॉर्नवॉलमध्येच तयार झालेली हवी.

हे चांगलंच झालं. गावातला रोजगार गावात राहिला. पण मैत्रिणींनो, थोडं थांबून विचार करा. कोण्या आजीने घरात गाजर होतं म्हणून गाजर घातलं असेल, मांस नव्हतं म्हणून नुसता बटाटा भरला असेल. नुसत्या बटाट्याच्या पॅस्टीला तिथे वेगळं नावही होतं, तिडी ऑगी. त्या गरीब घरच्या पॅस्टीला आज कॉर्निश पॅस्टी म्हणून विकता येणार नाही. ज्यांच्या हातांनी ही शिदोरी दोनशे वर्षं जगवली, त्यांनी घातलेल्या मुरडीला कायद्यात जागा मिळाली. त्यांच्या पहाटेच्या कष्टांची किंमत मात्र कधी कुणी मांडली नाही.

आपल्याकडे हा हिशेब मांडायचा प्रयत्न झालेला आहे. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. आपल्याच खोलीत चूल, तिथेच पंगत. पुष्कळ जणी सावकाराच्या कर्जात अडकलेल्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. कामगाराचं पोट भरणारी बाई स्वतः कामगार आहे, हे त्यामुळे लोकांना दिसलं.

आपल्या देशात भौगोलिक नावाचं संरक्षण देणारा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून लागू आहे. त्यात उत्पादकांची संघटना अर्ज करू शकते. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये असं मानांकन मिळालं. तोही घरच्या चुलीवर, निखाऱ्यांवर बायकांनी जपलेला पदार्थ. त्याचा अर्ज बेकरीवाल्यांच्या संघटनेने केला होता. संघटना ज्यांची, अर्ज त्यांचा, हे साधं गणित आहे.

आता आपल्या गटाकडे या. दिवाळीआधी किती गट करंज्या, चिरोटे, नानकटाई करून विकतात. भाव ठरवताना आपण काय धरतो? रवा, मैदा, तूप, साखर, खोबरं, तेल, गॅस, पिशवी. त्यावर थोडं वर. मुरड घालायला बसलेल्या पाच जणींचे तास कुणी धरतं का? बहुतेक वेळा नाही. घरचंच काम, बसल्या बसल्या होतं, असं आपणच म्हणतो. खाणमालकही मनात हेच म्हणत असेल.

म्हणून पुढच्या बैठकीत दोन कामं करा. पहिलं, एक किलो करंजीला किती बायकांचे किती तास लागले ते घड्याळ लावून मोजा आणि गावच्या रोजाच्या भावाने त्याची मजुरी वहीत लिहा. तेवढा भाव बाजारात मिळेल की नाही, ते नंतर ठरवू. आधी आकडा आपल्या डोळ्यांसमोर तरी येऊ द्या. दुसरं, तुमच्या गावात ज्यांच्या हातची मुरड नावाजलेली आहे, त्यांच्याकडून कृती लिहून घ्या. पीठ कोणत्या गिरणीचं, मोहन किती, सारणात काय, मुरड कशी, त्या कुणाकडून शिकल्या. कागदावर त्यांचं पूर्ण नाव आणि तारीख घाला. लिहिता येत नसेल तर मुलीला लिहायला सांगा.

तिकडे दोन परगणे जुन्या वहीतल्या एका ओळीसाठी भांडले. आपल्या गावची वही आपणच सुरू करू या.